“एवढी मोठी असती, तर नाव ऐकले नसते का?”

प्रश्न : आम्ही गेली सोळा वर्षे शिकागोजवळ नेपरव्हिल येथे राहतो. माझी तेरा वर्षांची मुलगी सात वर्षांपासून व्हायोलिन शिकते आहे. मे महिन्यातील वार्षिक वादनासाठी मी मनात मोझार्टचा कॉन्चेर्टो (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्याने वाजवायची मोठी रचना) धरून बसले होते. परंतु तिच्या बाईंनी फ्लॉरेन्स प्राइस या रचनाकर्तीची ‘अ‍ॅडोरेशन’ नावाची चारेक मिनिटांची रचना निवडली, आणि पुढच्या वर्षी सॅं-जॉर्ज नावाच्या कोणाचा तरी कॉन्चेर्टो घेऊ, असे सुचवले. बाई स्वतः कृष्णवर्णीय आहेत. घरी यजमान म्हणाले, “इथेही कोटा आला म्हणायचा!” मी तसे काही बोलले नाही, पण तास संपल्यावर मुलीच्या देखत बाईंना विचारले, की ही बाई एवढी मोठी असती, तर आम्ही तिचे नाव ऐकले नसते का? बाई नुसत्या हसल्या. मुलगी मात्र गाडीत बसल्यापासून माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. रचना बदलून मागावी का? की शिक्षिकाच बदलावी? माझे चुकले असेल, तर नेमके काय चुकले, तेही सांगावे. — एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्र मोकळेपणाने लिहिलेत, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. रचना बदलून मागू नका, आणि शिक्षिका बदलण्याचा विचार तर मनातून काढूनच टाका. तुमचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. तो चुकीच्या माणसाला, चुकीच्या जागी आणि चुकीच्या सुरात विचारला गेला, हे खरे; पण त्याला उत्तर आहे, आणि ते उत्तर ठाऊक नसताना तुम्ही बाईंकडे जाऊन दिलगिरी व्यक्त केलीत, तर ती केवळ शिष्टाचार म्हणून उरेल. तेव्हा आधी उत्तर पाहू आणि दिलगिरीचे नंतर बोलू.

फ्लॉरेन्स प्राइस यांचा जन्म १८८७ सालचा, अर्कान्सा राज्यातील लिटल रॉकचा. वडील दंतवैद्य, आई संगीत जाणणारी. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत मुलीचे नाव घालताना तिच्या वर्णावरून कोणी बोट दाखवू नये, म्हणून आईने तिचे गाव मेक्सिकोतील प्वेब्लो असे लावले. ऑर्गनवादन आणि पियानोचे अध्यापन असे दोन्ही अभ्यासक्रम पुरे करून ही मुलगी १९०६ साली तिथून बाहेर पडली. पुढे आपल्याच राज्यातील संगीतशिक्षकांच्या संघटनेकडे तिने सदस्यत्वासाठी अर्ज केला, तेव्हा वर्णाच्या कारणावरून तो नाकारण्यात आला. १९२७ साली लिटल रॉकमध्ये जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाचा बळी घेतला, आणि त्यानंतर हे कुटुंब शिकागोला आले. म्हणजे तुम्ही जिथे सोळा वर्षे राहता, त्या परिसरातच या बाईंचे उरलेले आयुष्य गेले. तिथे त्यांनी मूकपटांच्या थिएटरांत ऑर्गन वाजवला, रेडिओच्या जाहिरातींसाठी सुरावटी लिहिल्या, घटस्फोटानंतर दोन मुलींचा सांभाळ केला, आणि हे सगळे उरकून मिळेल त्या वेळात सिंफनी, म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, लिहिली. एकदा पाय मोडून त्या घरी पडल्या, तेव्हा निवांत लिहायला सलग दिवस मिळाले. पुन्हा पाय मोडण्याचे भाग्य आता कधी लाभणार, अशा आशयाचे वाक्य त्यांनी त्यावर लिहून ठेवले आहे. घर चालवून काही लिहू पाहणाऱ्या कोणत्याही बाईला हा विनोद समजावून सांगावा लागणार नाही.

त्या ई मायनर सिंफनीला १९३२ साली वानामेकर स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले, आणि १५ जून १९३३ रोजी शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली ती ऑडिटोरियम थिएटरमध्ये वाजवली. अमेरिकेतील आघाडीच्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ही पहिली वेळ होती. वृत्तपत्रांनी चांगले लिहिले. ते नाट्यगृह आजही शिकागोच्या मध्यवस्तीत उभे आहे. कदाचित तुम्ही त्याच्यावरून गेलाही असाल.

आता तुम्ही म्हणाल, की एवढे सगळे झाले होते, तर मग नाव गेले कुठे? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. एखादी सिंफनी एकदा वाजली म्हणजे ती जगली, असे होत नाही. ती छापली जावी लागते, तिचे वाद्यनिहाय कागद भाड्याने मिळावे लागतात, दुसऱ्या शहरातल्या संचालकाला ती हाती घ्यावीशी वाटावी लागते, मग ध्वनिमुद्रण होते, आणि ध्वनिमुद्रण झाले, की तुमच्याआमच्यासारख्यांच्या कानावर नाव पडते. या साखळीतली पहिली कडी निसटली, की पुढच्या साऱ्या निसटतात. प्राइस यांची काही गाणी आणि पियानोचे लहान तुकडे छापले गेले, पण मोठ्या रचना बहुतांशी हस्तलिखितातच राहिल्या. बॉस्टनच्या वाद्यवृंदाचे त्या काळचे संचालक सर्गेई कुसेवित्स्की यांना त्यांनी पुन्हा पुन्हा पत्रे लिहिली. १९४३ सालच्या पत्राची सुरुवातच अशी, की आपल्यामागे दोन अडचणी आहेत, आपण स्त्री आहोत आणि आपल्या अंगात काही अंशी निग्रो रक्त आहे. तेव्हा या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून केवळ गुणांवर रचना पाहाव्यात. ज्या शहरात त्या शिकल्या, त्या शहराच्या वाद्यवृंदाने त्यांच्या हयातीत त्यांची एकही सिंफनी वाजवली नाही. १९५३ साली शिकागोत त्यांचे निधन झाले.

पुढचा प्रसंग तुमच्या घरापासून गाडीने तासा-दीड तासाच्या अंतरावर घडला आहे, म्हणून सविस्तर सांगतो. शिकागोच्या दक्षिणेला सेंट अ‍ॅन नावाचे लहानसे गाव आहे. तिथे प्राइस यांचे उन्हाळ्यात राहायचे घर होते. २००९ साली एका जोडप्याने ते डागडुजीसाठी उघडले. घर कित्येक वर्षे ओस पडलेले होते, कोणीतरी आत शिरून नासधूस केलेली, आणि झाड कोसळून छपराला भगदाड पडलेले. आतल्या ज्या भागात पाणी पोहोचले नव्हते, तिथे कागदांचे ढीग सापडले. हस्तलिखित स्वरलिपी, पुस्तके, पत्रे असे सगळे एकात एक. प्रत्येक कागदावर एकच नाव पुन्हा पुन्हा दिसत होते, म्हणून त्या जोडप्याने शोध घेतला, आणि ते बाड फेयेटव्हिल येथील अर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचले. त्यात व्हायोलिनचे दोन कॉन्चेर्टो होते, एक १९३९ सालचा आणि दुसरा त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षीचा. झाड आणखी चार हात अलीकडे पडले असते, तर आज या दोन कॉन्चेर्टोंबद्दल बोलायलाही काही उरले नसते.

मला हा प्रसंग वाचताना दरवेळी माझे स्वतःचे गुरुजी आठवतात. ते गोव्याहून आलेले, धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहात, राहिलेले, आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत पोट भरलेले. रात्री जागून ते पेन्सिलीने सगळ्या वाद्यांचे भाग लिहीत. पडद्यावर नाव येई ते एकट्या संगीत दिग्दर्शकाचे. ते गेले तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक मी पाहायला गेलो, तर घरच्यांनी आदल्याच आठवड्यात कागद रद्दीवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकले होते, आणि ट्रंकेत पापडाचे पीठ भरून ठेवले होते. त्यात त्यांचा काहीच दोष नाही. त्या कागदांना किंमत आहे, असे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते. अर्थात प्राइस यांच्या वाट्याला आलेला वर्णद्वेष ही निराळी आणि अधिक क्रूर गोष्ट आहे, आणि दोन्ही एकाच मापाने मोजण्याचा माझा हेतू नाही. पण नाव कानावर आले नाही, यावरून संगीताची पारख करायला मी तेव्हापासून धजावत नाही.

दुसरे उदाहरण तर तुमच्या मुलीच्या म्युझिक स्टँडवरच पडलेले असेल, किंवा वर्ष-दोन वर्षांत येईल. व्हायोलिन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला क्रॉइट्झरच्या स्वराभ्यासांची वही घासावी लागते. याच रुडॉल्फ क्रॉइट्झरच्या नावाने बेथोव्हनचा ‘क्रॉइट्झर सोनाटा’ जगभर ओळखला जातो. मुळात मात्र तो ज्याच्यासाठी लिहिला गेला, तो वादक होता जॉर्ज ब्रिजटॉवर. वडील कॅरिबियन बेटांतून आलेले कृष्णवर्णीय, आई युरोपीय, आणि स्वतः लहानपणापासून युरोप गाजवलेला. २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात भल्या सकाळी ही मैफल झाली. बेथोव्हनचे लिहिणे इतके लांबले होते, की दुसरा भाग ब्रिजटॉवरने रचनाकाराच्या खांद्यावरून त्याच्याच हस्तलिखितात पाहून वाजवला. पहिल्या भागात पियानोला एक लांबलचक तान आहे. ब्रिजटॉवरने तिची नक्कल ऐनवेळी व्हायोलिनवर उतरवली, तेव्हा बेथोव्हनने पियानोवरून उठून त्याला मिठी मारली आणि पुन्हा वाजवायला सांगितले, असे ब्रिजटॉवरने पुढे लिहून ठेवले आहे. रचनेवर बेथोव्हनने गमतीने ब्रिजटॉवरच्याच नावाची, त्याच्या मिश्र वंशाचा उल्लेख करणारी अर्पणओळ खरडली होती. नंतर दोघांचे बिनसले. ब्रिजटॉवरच्या सांगण्यानुसार एका मुलीवरून. छापताना अर्पणपत्रिका क्रॉइट्झरच्या नावे गेली, ज्याने ही रचना जाहीर मैफलीत वाजवल्याची नोंद नाही.

इथे वर्णद्वेषाने नाव पुसले, असे मी म्हणणार नाही. भांडण दोन तापट तरुणांचे होते. पण त्यानंतर दोनशे वर्षे शिक्षकांनी, कार्यक्रमपत्रिका लिहिणाऱ्यांनी आणि आम्ही वादकांनी ती गोष्ट पुढच्या पिढीला सांगितलीच नाही, ती का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मी स्वतः तो सोनाटा वयाच्या बावीसाव्या वर्षी बसवला, आणि ब्रिजटॉवरचे नाव पहिल्यांदा ऐकले ते पन्नाशीत.

ज्यांना तुम्ही ‘कोणी तरी’ म्हटलेत, ते शेव्हालिए द सॅं-जॉर्ज हे मूळ जोसेफ बोलोन्य. १७४५ साली कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर एका फ्रेंच मळेवाल्याच्या पोटी, नानों नावाच्या गुलाम स्त्रीपासून त्यांचा जन्म झाला. वडिलांनी त्यांना फ्रान्सला नेले, आणि तिथे ते तलवारबाजीत पॅरिसमध्ये अव्वल ठरले, पुढे ‘कॉन्सेर देझ-अमातर’ या नामांकित वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. १७७६ साली पॅरिस ऑपेराच्या संचालकपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, तेव्हा ऑपेरातल्या काही आघाडीच्या कलावतींनी थेट राणीकडे अर्ज केला, की मिश्रवर्णीय माणसाच्या हुकमाखाली काम करणे आमच्या मानाला शोभणारे नाही. पद त्यांना मिळाले नाही. हायडनच्या ज्या सहा ‘पॅरिस’ सिंफनी आज जगभर वाजतात, त्या पॅरिसमधल्या ज्या मंडळासाठी लिहिल्या गेल्या, त्याच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व याच गृहस्थांकडे होते. त्यांचे कॉन्चेर्टो सोपे समजू नका. डावा हात पट्टीवर पार वरपर्यंत जातो, आणि गज एका तारेवरून दुसरीवर वाऱ्यासारखा फिरवावा लागतो. बाईंनी पुढच्या वर्षासाठी तो राखून ठेवला आहे, यावरून त्या तुमच्या मुलीची कुवत तुम्ही मानता त्यापेक्षा कमी नाही, तर थोडी अधिकच मानतात, असे मला दिसते. जाता जाता एक विनंती करतो. कार्यक्रमपत्रिका पालकांनी लिहायची पद्धत असेल, तर त्यांना ‘काळा मोझार्ट’ म्हणू नका. मोझार्ट पॅरिसमध्ये येऊन धडपडत होता, त्या १७७८ साली सॅं-जॉर्ज यांचे नाव तिथे दुमदुमत होते आणि वयानेही ते दहा वर्षांनी मोठे होते. मग तुलना उलटी का करू नये?

आता यजमानांच्या ‘कोटा’ या शब्दाकडे येतो, आणि त्यावर फार शब्द खर्च करणार नाही. कोटा म्हणजे राखीव वाटा असे त्यांना म्हणायचे असेल, तर त्यांनी एवढा एक आकडा डोळ्यांखालून घालावा. अमेरिकेतील वाद्यवृंदांच्या महासंघाच्या पाहणीनुसार २०१४ साली देशभरच्या वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादकांचे प्रमाण १.८ टक्के होते, आणि २०२३ च्या अहवालात ते २.४ टक्के झाले. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने पहिला कृष्णवर्णीय वादक कायम केला तो १९६२ साली, सॅनफर्ड अ‍ॅलन या व्हायोलिनवादकाला; आणि एखाद्या वाद्याचा प्रमुख म्हणून पहिला कृष्णवर्णीय वादक तिथे बसला तो थेट २०१४ साली, क्लॅरिनेटवादक अँथनी मॅकगिल. ते तुमच्याच शिकागोचे. हा कोटा असेल, तर तो आजवर दुसऱ्याच कोणासाठी राखलेला दिसतो. शिवाय आपण मराठी माणसांनी तरी हा शब्द जरा जपून वापरावा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांनी कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडवण्याचे काम केले होते, एवढ्याच कारणासाठी ते अर्पण केले. ज्यांच्या सुटकेचे पुण्यातल्या एका माणसाला त्या काळी एवढे अगत्य वाटले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी लिहिलेल्या चार मिनिटांच्या संगीताला आपल्या दिवाणखान्यात एवढा हिशेब का द्यावा लागावा?

तुमच्या मनात आणखी एक शंका असणार, जी पत्रात तुम्ही शब्दांत मांडलेली नाही, पण ओळींमधून डोकावते. ती अशी, की हे संगीत खरोखर त्या तोलाचे आहे का? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर कोणाच्या चरित्रातून काढू नये, कानानेच काढावे. मी माझे मत सांगतो. प्राइस यांच्या पहिल्या सिंफनीचा शेवटचा भाग मला आधीच्या तीन भागांइतका भरीव वाटत नाही. तिसरा भाग मात्र कितीदाही ऐकावा. त्याचे नाव ‘जुबा’. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या हातून ढोल काढून घेतले गेले, कारण ढोलावरून बंडाचे निरोप जातील, अशी मालकांना भीती होती. तेव्हा त्यांनी मांड्या, छाती आणि तळवे यांच्यावरच ताल धरला. तो नाच म्हणजे जुबा. प्राइस यांनी तो ताल शंभर वाद्यांच्या अंगावर चढवला आहे. तो ऐकताना आपल्या फुगडीतल्या पावलांची आठवण झाल्याशिवाय राहात नाही, अर्थात सुखाच्या फुगडीची.

काही जण म्हणतात, की हे सगळे चेक रचनाकार द्वोर्जाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीसारखे वाटते, ई मायनर ही स्वरपट्टीही तीच. वाटते खरे. पण द्वोर्जाकने ते कुठून घेतले? १८९२ साली तो न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून आला, तेव्हा हॅरी बर्ली नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवत असे. बर्लीला ती गाणी त्याच्या आंधळ्या आजोबांनी शिकवली होती, जे पूर्वी गुलामीत होते. म्हणजे आजोबांकडून नातवाकडे, नातवाकडून प्रागच्या पाहुण्याकडे, आणि चाळीस वर्षांनी त्याच गाण्यांच्या खऱ्या वारसदार बाईकडे हा सूर परतला, तर त्यात तिने उसने काय घेतले? ९ एप्रिल १९३९ रोजी, ईस्टरच्या दिवशी, कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन वॉशिंग्टनमध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार श्रोत्यांपुढे गायल्या. शहरातल्या एका मोठ्या सभागृहाची दारे त्यांना वर्णामुळे बंद होती, म्हणून त्या उघड्यावर गायल्या, हे बहुतेकांना ठाऊक असते. कार्यक्रमाच्या अखेरीला त्यांनी घेतलेल्या भक्तिगीतांत एकाची बांधणी फ्लॉरेन्स प्राइस यांची होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तो दिवस प्राइस यांचा वाढदिवसही होता.

आता ‘अ‍ॅडोरेशन’ सोपी आहे का, याविषयी बोलतो. ती मुळात १९५१ साली ऑर्गनसाठी लिहिलेली छोटी रचना आहे, आणि व्हायोलिनवर ती पाहता पाहता लोकप्रिय झाली आहे. त्यातले सूर तुमची मुलगी दोन आठवड्यांत पाठ करील, यात शंका नाही. अवघड आहे तो गज. ऑर्गनचा सूर चावी दाबून ठेवली, की अखंड चालू राहतो. व्हायोलिनवर तेच अखंडपण उजव्या हाताने निर्माण करावे लागते, आणि जिथे गज टोकाला पोहोचून दिशा बदलतो, तिथे सुराला चीर पडलेली कोणालाही ऐकू येता कामा नये. शिवाय पहिली ओळ अखेरीला पुन्हा येते, आणि ती पहिल्यासारखी वाजून चालत नाही. मोझार्टच्या कॉन्चेर्टोत तेरा वर्षांच्या मुलीला पळायला जागा असते. दोन ताना चुकल्या, तरी तिसरी झाकून नेते. या रचनेत लपायला जागाच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी बोटे धावायला लागली, की असेच काही तरी संथ देतो, आणि पालक दरवेळी नाराज होतात. तेव्हा तुमच्या बाईंनी ही निवड आपल्या वर्णामुळे केली, असे धरून चालण्याआधी त्या उत्तम शिक्षिका आहेत म्हणून केली असेल, ही शक्यता तुम्ही विचारात घेतली होती का? तुमचे नेमके काय चुकले, असे विचारता, तर हे चुकले.

दुसरी चूक मुलीच्या बाजूने झाली. तिने ती रचना आपली मानली होती, आणि तुम्ही तिच्या देखत ती तिच्या गुरूंच्या तोंडावर उणी ठरवलीत. आपल्याकडे गुरूच्या खोलीत बोलण्याची जी रीत आहे, ती नेपरव्हिलला गेल्याने बदलत नाही. बाई हसल्या, याचा अर्थ त्यांना राग आला नाही, असा घेऊ नका. हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला, असे मला मुळीच वाटत नाही.

तेव्हा पुढच्या तासाला दहा मिनिटे लवकर जा. पत्र, फुले, मिठाई यांपैकी काही नेऊ नका. मुलगी सोबत असू द्या, कारण चूक तिच्यासमोर झाली होती. एवढेच सांगा, की त्या दिवशी मी जे विचारले, ते विचारायला नको होते, आणि ज्या सुरात विचारले, त्याची मला लाज वाटते. इथेच थांबा. मागून ‘पण’ जोडू नका. आमच्याही देशात भेदभाव आहे, आमच्याही वाट्याला हे येते, माझे अनेक कृष्णवर्णीय सहकारी आहेत, असले काही त्या वेळी बोलू नका. त्यांनी तुमची समजूत घालावी, अशी वेळ त्यांच्यावर येईल. वर मी जे सांगितले, तेही तिथे म्हणून दाखवू नका. त्यांना ते ठाऊक आहे. त्यानंतर त्यांची हरकत नसेल, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तास ऐका, आणि गज बदलतानाची चीर ऐकू येते का, तेवढ्याकडेच कान ठेवा.

मुलीशी घरी वेगळे बोला. तिला या विषयावर भाषण देऊ नका, आणि उलट दिशेलाही वाहवत जाऊ नका. आता घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे तिने अमक्या वंचित रचनाकर्तीची रचना वाजवावी आणि तुम्ही त्यावर निवेदन करावे, असे झाले, तर तो तिच्यावर आणि प्राइस यांच्यावरही दुसरा अन्याय होईल. ती तेरा वर्षांची आहे. तिला सुरावट आवडली आहे, एवढे कारण पुरेसे आहे. पुढे तिला आणखी हवे असेल, तर विल्यम ग्रँट स्टिल यांचा १९४३ सालचा व्हायोलिन-पियानोचा ‘सूट’ तिच्या कानावर घाला. तीन भाग, तीन कलाकृतींवरून सुचलेले. ऑगस्टा सॅव्हेज यांनी घडवलेल्या, टोपी तिरकी घातलेल्या एका रस्त्यावरच्या पोराच्या शिल्पावरून शेवटचा भाग लिहिला आहे, आणि तो वाजवताना कोणालाही हसू आवरत नाही. संथ काही हवे असेल, तर जॉर्ज वॉकर यांची तंतुवाद्यांसाठीची १९४६ सालची ‘लिरिक’ आहे. ती त्यांनी आपल्या आजीच्या स्मरणार्थ अर्पण केली. आजी गुलामीत जन्मली होती, आणि नातवाला १९९६ साली संगीताचे पुलित्झर मिळाले, तो मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय रचनाकार. ही एकट्या व्हायोलिनची रचना नाही, पण तुमच्या मुलीच्या शाळेच्या वाद्यवृंदाला नक्की झेपेल.

कार्यक्रमपत्रिकेत रचनाकर्तीचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साले, शिकागो, आणि ‘मूळ ऑर्गनसाठी, १९५१’ एवढे लिहिले, तरी पुरे. यजमानांना पहिल्या रांगेत बसवा, आणि वादनाआधी त्यांना काही सांगू नका.

मोझार्टचा कॉन्चेर्टो जूनमध्ये सुरू करा. सुट्टी तोवर लागलेली असते, आणि त्यातल्या ताना बसायला दोन महिने सहज लागतात.